गंगेची ओटी शाळेत

मोबाईल वाजला तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते. वरच्या धरणांतून गोदावरीत पाणी सोडण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, पात्रात उतरू नये, असा सरकारी निरोप होता. तो वाचून माणसानं घाबरावं अशी सरकारची अपेक्षा असणार. मी मात्र जुडी तशीच टाकून उठले आणि बॅग भरायला लागले. बाहेर नगरचं स्वच्छ ऊन पडलं होतं. समोरच्या गच्चीवर गोधड्या वाळत होत्या. आमचे हे जामखेडकडचे. त्यांनी खिडकीतून आभाळ बघितलं आणि दरवर्षीचा प्रश्न विचारला, "अगं, पण पाऊस कुठाय?"

लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हे त्यांना पटवता आलेलं नाही. आमच्या नदीला पूर यायला आमच्याकडे पाऊस लागत नाही. पाऊस पडतो तिकडे त्र्यंबकला, इगतपुरीच्या डोंगरात. आमच्याकडे बाजरीनं माना टाकलेल्या असतात, बांधावर धूळ उडत असते, आणि त्या फटफटीत उन्हातून नदी दोन्ही थड्या भरून चाललेली असते. इतरांना पूर म्हटलं की काळोख आठवतो, छत्र्या आठवतात, चिखल आठवतो. मला आठवतं लख्ख ऊन! काठावर उभ्या माणसांचे कपडे कोरडे ठाक, आणि समोरून अख्खं झाड मुळासकट वाहत चाललंय. हे ज्यानं लहानपणी पाहिलं त्याला दुसरी कुठलीही करमणूक फिकी वाटते, असं माझं ठाम मत आहे.

गोदावरी हे नाव भूगोलाच्या पुस्तकातलं. आमचं गाव पुणतांब्याहून फार लांब नाही, आणि आमच्याकडे सगळे तिला गंगाच म्हणतात. गंगा यायच्या आधी तिचा वास यायचा. कुजक्या पाल्याचा, शेवाळाचा, कधी न पाहिलेल्या कुठल्या तरी रानाचा. मग आवाज. तो कानांना कमी आणि पायाच्या तळव्यांना जास्त कळायचा. मग कुणीतरी ओरडायचं, "गंगा आली, गंगा आली!" की संपलंच. चुलीवरचं दूध उतू जावो, वर्गातला पाढा अर्ध्यावर राहो, गाव घाटावर. गुरुजीसुद्धा घाटावर. खरं तर गुरुजी सगळ्यांच्या आधी.

"पुराला जायचं" असं म्हणायचे लोक, जत्रेला जायचं म्हणतात तसं. बायका ठेवणीतली लुगडी काढायच्या. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. गंगा माहेरी आलेली असायची, तिची ओटी भरल्याशिवाय तिला पुढं कसं जाऊ द्यायचं? घाटाच्या पायऱ्यांवर, पाण्याला अगदी लागून बायका उभ्या राहायच्या. पाणी जिथवर आलंय त्या पायरीला हळदीकुंकू लावायच्या आणि खण-नारळ प्रवाहात सोडायच्या. पाणी एक पायरी चढलं की सगळ्या किंचाळून एक पायरी मागं. पुन्हा चढलं, पुन्हा मागं. काय हसायच्या! भेळवालाही यायचा. तो कुठून उगवायचा आणि त्याला कोण कळवायचं, हे मला अजून कोडं आहे.

आणि या सगळ्यांच्या पुढं कोण? तर माझी आई.

आईचं माहेर पारनेरकडच्या माळावर. तिथं पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी वाकून बघायची वस्तू. ती लग्न होऊन आली त्याच वर्षी पूर आला, आणि भाकरी थापता थापता ही नवी नवरी पिठाच्या हातांनी घाटाकडं पळाली. डोक्यावरचा पदर खांद्यावर, खांद्यावरचा कमरेला. भागाआत्या ही गोष्ट फार रंगवून सांगायची. भागाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, गावातच दिलेली. "मी म्हनलं, कुनाची हाय ही येडी? फुडं जाऊन बगते तर आमचीच!" आई म्हणे घाटावर तोंड उघडं टाकून उभी होती आणि पाण्याकडं बघून एकच म्हणत होती, "एवढं? एवढं पानी?"

तेव्हापासून तिला पुराचं वेड. श्रावण लागला की ती दादांच्या मागं लागायची. दादा म्हणजे माझे वडील, कमी बोलणारे. आई विचारायची, "अहो, नाशकाकडं पडतोय का?" दादा पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "पडला तर गंगाच सांगंल की." मग ती आम्हा पोरांना घाटावर पिटाळायची, पाण्याचा रंग बदलला का बघायला. गढूळ झालं असलं की तिच्या तोंडावर असं काही हसू यायचं की बास. एरवी तिला कशाची हौस नव्हती. दागिना नको, सिनेमा नको. पूर मात्र पाहिजे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पंचायतीत बायकांसाठी जागा राखीव झाल्या आणि आमच्या गावचं सरपंचपद बाईकडं आलं. आई सातवी शिकलेली आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली, म्हणून जाणत्या मंडळींनी तिला बसवली. सही करील आणि गप्प बसेल असा त्यांचा हिशेब होता. दादांना ते मुद्दाम सरपंचपती म्हणायचे. दादा काही त्या पदाला जागले नाहीत. मिटिंग असली की ते शेळ्या घेऊन रानात निघून जायचे.

किल्लारीच्या भूकंपानंतर सरकारला संकटाच्या आधीच तयारी करायची जाग आली होती. तालुक्याला नदीकाठच्या सरपंचांचं शिबिर भरलं. आईनं सोबत म्हणून मला नेलं. मी तेव्हा कॉलेजात जायला लागलेली, शिष्ट. मला वाटलं भाषणं होतील आणि चहा मिळेल. भाषणं झालीच, पण नंतर पाटबंधारे खात्याच्या एका साहेबांनी भिंतीवर मोठा नकाशा लावला आणि काठी घेऊन एकेक गाव दाखवायला सुरुवात केली. निळी रेघ म्हणजे नेहमीचा पूर, लाल रेघ म्हणजे मोठा पूर. आमच्या गावावर काठी आली तेव्हा ते थांबले. "सरपंचबाई," ते म्हणाले, "तुमच्याकडं पाणी समोरून घात करत नाही. मागून करतं."

आमचं गाव उंचवट्यावर आहे. खालची आळी आणि घाट नदीला चिकटून. या दोघांच्या मधून एक ओढा जातो, एरवी कोरडाच. त्याच्यावर बुटका फरशी पूल, आम्ही त्याला नुसतं फरशी म्हणतो. साहेबांनी काठी फिरवून दाखवलं, की नदी फुगली की तिचं पाणी उलटं ओढ्यात शिरतं. फरशी आधी बुडते. घाटावरची माणसं समोरच्या पायऱ्या मोजत राहतात आणि तोवर त्यांच्या पाठीमागची परतीची वाट गेलेली असते.

आई उठून नकाशाजवळ गेली. "म्हंजे आमी समदं गाव घाटावं उभं ऱ्हातो, तवा..."

"तेव्हा तुम्ही बेटावर असता, बाई. आजवर पाणी तेवढ्यावर थांबलं, हे नशीब. लाल रेघेपर्यंत आलं तर जायला जागा नाही."

परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसली होती. मी शिबिरातल्या वड्याला नावं ठेवत होते. मध्येच ती म्हणाली, "वन्संचं घर समद्यात खाली हाय." वन्सं म्हणजे भागाआत्या.

सरकारनं सामान दिलं. दोर दिले, पाण्यात तरंगणारी रबरी कडी दिली, आणि एक भोंगा दिला. काय भोंगा होता तो! लाल रंगाचा, हातानं दांडा फिरवायचा. आधी कुरकुरायचा, मग कण्हायचा, मग एकदम असा काही सूर धरायचा की कुत्री माना वर करून त्याला साथ द्यायची. आमच्या गावचे तलाठी भाऊसाहेब तो जीपमधून घेऊन आले आणि पंचायतीच्या ओट्यावर बसवला. तो कुणी फिरवायचा यावर वाद झाला, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा दादा पुढं झाले. "मी फिरवतो," म्हणाले. नंतर कुणी सरपंचपती म्हटलं की ते सांगायचे, "न्हाई बाबा, मी भोंगेवाला." एवढा सुखी माणूस मी नंतर पाहिला नाही.

भोंग्याची रंगीत तालीम ठरली. तालुक्याहून एक साहेब आले, शिट्टी घेऊन फरशीवर उभे राहिले. ठरलं होतं असं, की भोंगा वाजला की खालच्या आळीनं फरशी ओलांडून वर शाळेत यायचं, आणि वरच्या गावानं जागचं हलायचं नाही. चावडीपुढं हे वाचून दाखवलं होतं, दवंडी दिली होती. दादांनी दांडा फिरवला. भोंगा कुरकुरला, कण्हला आणि सुरात आला. आणि अख्खं वरचं गाव घराबाहेर पडून घाटाकडं धावत सुटलं!

अहो, त्यांचं काय चुकलं? भोंगा वाजला म्हणजे गंगा आली. गंगा आली म्हणजे घाटावर जायचं. दवंडीत काय सांगितलं ते कुणाच्या ध्यानात राहणार? साहेब शिट्टी फुंकतायत आणि त्यांच्या दोन्ही अंगांनी लुगडी, ताटं, नारळ, पोरं, म्हातारे फरशीवरून खाली चाललेत. खालच्या आळीतून वर यायला एक माणूस तयार नाही, ते तर आधीच घाटावर. भागाआत्या नथ घालून सगळ्यांच्या पुढं. नदीत त्या दिवशी गुडघाभर पाणी, म्हशी डुंबतायत. आत्यानं नदीकडं बघितलं, मग धापा टाकत आलेल्या साहेबांकडं.

"काय वं साहेब, भोंगा वाजिवला आन् गंगा कुटंय?"

"आजीबाई, ही तालीम होती."

"मंग ह्यो नारळ काय करू? माघारी न्हिऊ व्हय?"

साहेब घाटाच्या पायरीवर मटकन बसले. मला वाटलं आता चिडणार. पण त्यांना हसू फुटलं. आम्हालाही फुटलं. भेळवाला आलाच होता. साहेबांनी भेळ खाल्ली, आत्यानं नारळ फोडून त्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. जाताना ते आईला म्हणाले, "सरपंचबाई, तुमच्या गावाला धोक्याची सूचना म्हणजे आवतण वाटतं. भोंगा सरकार देऊ शकतं. ह्याच्यावरचा उपाय तुम्हालाच काढावा लागेल." आई हसली नव्हती. ती पूर्ण वेळ फरशीकडं बघत होती.

त्यानंतरचे दिवस आई स्वतःशीच बोलत असायची. कुणी म्हणालं पोलीस बसवा, कुणी म्हणालं घाटाला दोर बांधा. दोर बांधून बघितला, बायका त्याच्या खालून वाकून गेल्या. एकानं सुचवलं, भोंगाच नको, गंगा गुपचूप येऊ दे! मला तेव्हा हे सगळं भयंकर मजेशीर वाटत होतं. आईची झोप उडाली होती. एका दुपारी ती उठली, मला म्हणाली चल, आणि आम्ही फरशी ओलांडून आत्याच्या घरी गेलो. आत्या दारात बसून शेंगा फोडत होती.

"वन्सं, ह्या खेपंला गंगंची वटी शाळंत भरायची."

आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. "शाळंत? गंगा काय बाराखडी शिकाया चाललीया का? सुमन, सरपंच झालीस म्हून काय बी बोलशील? गंगंची वटी गंगंच्या काठाला भरत्यात."

"तुमी माहेरी येता तवा तुमची वटी कुटं भरतो मी?"

"म्हंजे?"

"येशीत गाठून भरती का? रस्त्यात उबं करून?"

"रस्त्यात कशाला भरशील? घरात बोलावून, पाटावं बसवून भरतीस की."

"आन् गंगा आपली माहेरवाशीन ना? येवढी लांबनं येती. आन् आपुन तिला दारातल्या दारात खन देऊन वाटंला लावतो. कुनी तिला घरात घेतलीया का आजवर? बसायला पाट दिलाय?"

आई पुढं सरकली. "तुमी घाटावरून कळशी भरायची, डोक्यावं घ्यायची आन् गंगंला वाजतगाजत वर आनायची. हे काम दुसऱ्या कुनाचं न्हाई, वन्सं. समद्यात जुन्या तुमीच."

आत्यानं नदीकडं बघितलं. "मी आनायची?" ती हळूच म्हणाली. "गंगा? माज्या डोक्यावं?" मग तिनं डोळे पुसले आणि पुढच्या क्षणाला आईवर खेकसली, "मंग कळशी तांब्याची पायजे. तुमच्या सरकारी पलाष्टिकात मी गंगा घालनार न्हाई!"

पोळा होऊन गेला होता. सकाळी आभाळ निळंशार, एक ढग नाही. भाऊसाहेब तलाठी त्यांच्या लुनावरून धुरळा उडवत आले. वायरलेसवर निरोप आला होता. वर फार मोठा पाऊस झालाय, पाणी सोडलंय, दुपारपर्यंत आपल्याकडं. "ताई, यंदा लाल रेघ," ते एवढंच म्हणाले. चावडीपुढं बसलेले म्हातारे आभाळाकडं बघून हसले. "ह्या उनात पूर? भाऊसायेब, चष्मा बदला." आईनं त्यांच्याकडं लक्षही दिलं नाही. ती धावत आत्याकडं गेली.

आणि मग जे झालं ते आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो. खालच्या आळीतून हलगी वाजायला लागली. भागाआत्या हिरव्यागार लुगड्यात, नथ घालून, डोक्यावर तांब्याची कळशी घेऊन घाटावरून निघाली. कळशीला खण गुंडाळलेला, वर नारळ. गंगा घरी निघाली म्हटल्यावर मागं थांबणार कोण? आळीतल्या बायका मागं, पोरं त्यांच्या मागं. गडी माणसं आधी दारात उभी राहून बघत होती. मग तीही दावणीच्या शेळ्या-गाई सोडून, त्यांना पुढं हाकत, म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन चालायला लागली.

तेवढ्यात दादांनी भोंगा धरला. वरचं गाव ताटं घेऊन सुटलं घाटाकडं, नेहमीप्रमाणं, पूर्ण वेगानं. आणि फरशीच्या तोंडाशी ते थांबले. कारण समोरून फरशीवरून गंगा येत होती. भागाआत्याच्या डोक्यावर बसून, हलगीच्या तालावर. फरशी एवढीशी अरुंद. गंगेला ओलांडून खाली जायची छाती कुणाची होणार?

आई फरशीच्या कडेला उभी होती. नदीकडं पाठ, गावाकडं तोंड. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं. "माघारी फिरा! गंगा शाळंत निघालीया! वटी शाळंत हाय!" आणि गाव माघारी फिरलं. आख्खं गाव, चावडीपुढच्या म्हाताऱ्यांसकट. भेळवाल्यानंसुद्धा गाडी वळवली.

चौथीच्या वर्गात पाट मांडला होता. भोवती रांगोळी, मागं फळ्यावर सुविचार तसाच. आत्यानं कळशी पाटावर ठेवली आणि पहिली ओटी तिनं भरली. मग बायकांची रीघ लागली. खणांचा ढीग झाला, नारळ बाकांखाली घरंगळायला लागले. कुणी गाणं धरलं, कुणी फुगडी घातली. गुरुजी दारात उभे राहून लाजत टाळ्या वाजवत होते. मी नाचून नाचून घामाघूम झाले. घाटावर कधी आली नव्हती एवढी मजा आली. आजवर गंगेला लांबून बघितलं होतं, आज ती आमच्याकडं पाहुणी आली होती.

श्वास घ्यायला म्हणून मी व्हरांड्यात आले. शाळेतून नदी दिसत नाही, मध्ये चिंचेचं बन आहे. दिसतो तो ओढा. मी पाहिलं आणि जागच्या जागी थिजले. ओढा उलटा वाहत होता. पाला, काटक्या, फेस, सगळं उताराकडून चढाकडं चाललं होतं. ऊन चमकत होतं, आवाज काहीच नव्हता, आणि फरशी दिसेनाशी होत होती. फरशीच्या पलीकडून आई येत होती. तिच्या कडेवर कुणाचं तरी तान्हं आणि पुढं आत्याचे मालक, आमचे मामा, एका हट्टी रेड्याला ओढत. पाणी तिच्या पोटऱ्यांना लागलं होतं. मी "आई!" म्हणून ओरडले. तिनं मान वर केली नाही. एकेक पाऊल चाचपत ती अलीकडं आली आणि थोड्याच वेळात फरशी कुठं होती ते सांगता येईना.

ती वर्गात शिरली तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. "आल्या का समद्या?" तिनं विचारलं.

"तू सोडून समद्या," आत्या म्हणाली आणि तिनं आईला कळशीशेजारी पाटावर बसवलं. गंगेची भरली तशी आईचीही ओटी भरली. मग एकदम तिच्या ध्यानात आलं. "अगं सुमन, तू पूर बगितलाच न्हाईस की!"

आईनं पदरानं तोंड पुसलं. "बगीन की," ती म्हणाली, "फुडच्या वर्सी."

मला तिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. आणि वाईटही वाटलं. वर्षभर जिची वाट बघायची, ती गंगा पाठीमागून निघून गेली होती आणि हिनं मान वळवली नव्हती.

खालची आळी त्या पुरात वळचणीपर्यंत बुडाली. आत्याच्या घराची मागची भिंत विरघळून गेली. पण सगळी माणसं वर होती. जनावरंही. शाळेत खणानारळांचा एवढा साठा होता की ओल्या खोबऱ्याची चटणी, खोबऱ्याची भाजी, खोबऱ्याची बर्फी, सगळे प्रकार झाले. सरकारी ट्रक आला. धान्य आलं, रॉकेल आलं, घोंगड्या आल्या. भाऊसाहेब चिखलातून पायजमा खोचून घरोघर पंचनामे करत फिरले. आत्या त्यांच्या मागं मागं. "भाऊसायेब, माजं जातं बी वाहून गेलं, ते बी लिवा. आन् मांजर. न्हाई, मांजर आलं, मांजर नका लिवू." तालीम घ्यायला आलेले साहेबही आले. फरशीपाशी उभे राहिले, चिंचेच्या बुंध्यावरची पाण्याची खूण बघितली आणि आईला त्यांनी चक्क हात जोडले.

आळीला वर गायरानात प्लॉट मिळाले. लगेच नाही मिळाले. सरकारची गाडी सरकारच्या चालीनं चालते. आईचं सरपंचपद संपलं तरी तिच्या तालुक्याच्या खेपा संपल्या नव्हत्या. पण मिळाले. घरकुलं उभी राहिली. आत्यानं जुन्या घराची चौकट उचलून नव्या घराला बसवली आणि दार गंगेकडंच पाहिजे म्हणून गवंड्याशी भांडली. भोंगा पुढं गंजला. दादा गेले, मग आत्या गेली. शाळेतली ओटी मात्र राहिली.

काल मी गावाकडं निघाले तेव्हा वाटेत नवा उंच पूल लागला. तिथं पोलीस कुणाला थांबू देत नव्हते, मोबाईल घेऊन पोरं गर्दी करत होती. गाडीच्या खिडकीतून मी पाहिलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "एवढं? एवढं पाणी?" तेच ऊन, तोच वास, तीच तांबूस गढूळ चमक. चालत्या गाडीतून जमेल तेवढा व्हिडिओ मी काढला.

शाळेची इमारत आता नवी आहे. कळशी आत्याच्या सुनेनं आणली होती. कुणी ताटं घेऊन, कुणी ताटाचा फोटो काढत, बायका येत होत्या. आई पाटाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. तिचे गुडघे आता चालू देत नाहीत. मला बघून तिनं पहिला प्रश्न विचारला, "फरशी गेली का?" मी म्हटलं, गेली. "खाली कोन न्हाई ना?" कुणी नाही म्हटलं. तेव्हा ती जरा सैल झाली.

मी खाली बसले आणि विचारलं, "आई, त्या वर्षीनंतर तू पूर कधी बघितलास?"

तिनं विचार केला. "कवा बगनार? हितंच तर असती मी."

सगळी वर्षं! मी धरून चालले होते की नंतर कधीतरी तिनं पाहिला असेल. दरवर्षी गंगा आली आणि दरवर्षी ही बाई तिच्याकडं पाठ करून माणसं वर घेत राहिली. मी मोबाईल काढला, व्हिडिओ लावला आणि तिच्या हातात दिला.

आईनं चष्मा सारखा केला. पाणी दिसलं तसा तिनं डोक्यावरून पदर घेतला. तिचं तोंड उघडंच राहिलं, आत्या सांगायची तसं. मग तिनं पाटावरच्या कोयरीत बोट बुडवलं आणि मोबाईलच्या काचेवर, वाहत्या पाण्याच्या मधोमध, कुंकू लावलं. बोट टेकलं आणि व्हिडिओ थांबला. दोन्ही थड्या भरून चाललेली गंगा तिच्या हातात जागच्या जागी उभी राहिली.

"थांबली गं," आई म्हणाली. "माज्यासाटी थांबली बग."

मी तो पुन्हा चालू केला नाही. तिला पोटभर बघू दिलं.